अर्ज येतात, पण उमेदवार फोन उचलत नाहीत : संपर्काची तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपने व्हीएमसी (धातूचे भाग कापून घडवणारे संगणक-नियंत्रित मशीन) ऑपरेटरच्या ४ जागांची जाहिरात दिली आणि ६० अर्ज आले. कार्यालयातल्या माणसाने सोमवारी सकाळी यादी समोर ठेवून ओळीने फोन लावायला सुरुवात केली. निम्म्यांनी फोन उचलला नाही, उचलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी "येतो की" असे सांगितले आणि मुलाखतीच्या दिवशी पाच जण आले. गोकुळ शिरगाव असो, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत असो किंवा शहरातले उद्यमनगर असो, भरतीचे काम पाहणारी माणसे भेटली की हीच तक्रार ऐकू येते आणि शेवटी "आजकालच्या मुलांना कामच नको आहे" असे म्हणून विषय संपतो.

मी स्वतः हे काम करतो आणि माझा अनुभव वेगळा आहे. ज्याने स्वतःहून अर्ज केला, त्याला काम नको असण्याची शक्यता कमी असते. त्याच्याकडून उत्तर न येण्याची कारणे बहुतेक वेळा आपल्याच बाजूला सापडतात : फोन अनोळखी नंबरवरून गेलेला असतो, तो चुकीच्या वेळी गेलेला असतो, किंवा उमेदवाराला निर्णय घ्यायला लागणारी माहिती आपण दिलेलीच नसते. सर्वांत मोठी चूक मात्र क्रमाची आहे. आपण आधी फोन करतो आणि माहिती नंतर देतो. खाली दिलेली पद्धत हा क्रम उलटा करण्यासाठी आहे.

सुरुवात करण्यापूर्वी : गळती नेमकी कुठे आहे ते शोधा

मागच्या भरतीची यादी काढा आणि प्रत्येक उमेदवारापुढे त्याची साखळी कुठे तुटली ते लिहा. फोन उचललाच नाही, उचलला पण नको म्हणाला, येतो म्हणाला पण आला नाही, निवड झाली पण रुजू झाला नाही, असे चार प्रकार पुरेसे आहेत. हे चारही प्रकार वरवर सारखे दिसतात आणि आपण सगळ्यांना "रिस्पॉन्स नाही" म्हणतो, पण त्यांची औषधे वेगळी आहेत. पहिल्या प्रकारात दोष नंबरात आणि वेळेत असतो, दुसऱ्यात जाहिरातीत, तिसऱ्यात निमंत्रणात आणि चौथ्यात निवडीनंतरच्या शांततेत. ज्याच्याकडे पहिल्या प्रकारची गळती आहे, त्याने पगार वाढवून उपयोग नाही, कारण पगाराचा आकडा ऐकण्याइतका वेळ उमेदवार फोनवर आलेलाच नाही.

टप्पा १ : जाहिरातीतच संपर्काची माहिती द्या

जाहिरात नोकरीच्या पोर्टलवर असो, व्हॉट्सॲपवर फिरणारी असो किंवा आयटीआयच्या फलकावर लावलेली असो, तिच्यात तीन गोष्टी ठळक असाव्यात : आम्ही कोणत्या नंबरवरून संपर्क करू, किती दिवसांत करू आणि आमच्याकडे कोणत्याही टप्प्यावर पैसे घेतले जात नाहीत. तिसरे वाक्य अनेकांना अनावश्यक वाटते. नोकरीच्या नावाखाली नोंदणी शुल्क, गणवेशाचे पैसे किंवा प्रशिक्षणाची अनामत मागणाऱ्या फसव्या फोनांमुळे आजचा उमेदवार नोकरीच्या फोनकडेच संशयाने पाहतो आणि त्याचे ते वागणे शहाणपणाचे आहे. म्हणून तो संशय आपणच आधी दूर करावा.

जाहिरातीत पगार, पाळ्या आणि कामाचे नेमके ठिकाण लिहा. "कोल्हापूर" एवढे लिहून भागत नाही. कळंब्याजवळ राहणाऱ्या मुलाला गोकुळ शिरगाव जमते, शिरोलीची रात्रपाळी जमेलच असे नाही. "पगार पात्रतेनुसार" असे लिहिले की अर्ज वाढतात, पण त्यातले निम्मे पहिल्या फोननंतर गप्प होतात आणि ते गप्प होणे आपणच ओढवून घेतलेले असते.

अर्जात दोन गोष्टी आवर्जून विचारा : व्हॉट्सॲपचा नंबर कोणता आणि फोनवर बोलायला सोयीची वेळ कोणती. अनेक अर्ज नेट कॅफेत बसून भरलेले असतात, त्यात ई-मेलचा पत्ता कॅफेवाल्याचा असतो आणि मोबाईल नंबर वडिलांचा किंवा चुलतभावाचा. अशा ई-मेलवर पाठवलेले निमंत्रण उमेदवारापर्यंत कधीच पोहोचत नाही. आपण मात्र "मेल केला होता" असे समाधान मानतो.

*तपासा :* जाहिरात वाचून बाहेरच्या माणसाला पगार, पाळी, जागा आणि संपर्काचा नंबर या चारही गोष्टी सांगता येतात का? एखादी राहिली असेल, तर जाहिरात अजून तयार नाही.

टप्पा २ : एकच नंबर, आणि तोही स्वच्छ

भरतीसाठी एक स्वतंत्र सिम ठेवा आणि सगळा संपर्क त्याच नंबरवरून करा. सकाळी कार्यालयाच्या नंबरवरून, दुपारी सुपरवायझरच्या मोबाईलवरून आणि संध्याकाळी मालकांच्या फोनवरून असे तीन अनोळखी नंबर एकाच उमेदवाराला दिसले, तर तो तिघांनाही कर्जवाले समजतो.

या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. ते ॲप विनामूल्य मिळते. त्यात कारखान्याचे नाव, पत्ता, नकाशावरचे ठिकाण आणि कामाची वेळ भरा, फोटोच्या जागी कारखान्याचा फलक किंवा बोधचिन्ह लावा. आपल्या फोटोत गणपती किंवा नातू असेल, तर समोरच्याला आपण कारखान्याचे माणूस आहोत हे कळायला मार्ग नाही.

नंतर हा नंबर ट्रूकॉलरवर काय नावाने दिसतो ते दुसऱ्याच्या फोनवरून पाहून घ्या. हे मी ठेच लागून शिकलो. एकदा मी विक्री विभागाकडून जुने सिम घेतले होते आणि आठवडाभर फोन करूनही जवळजवळ कोणी उचलत नव्हते. शेवटी आमच्याच कॅन्टीनमधल्या मुलाच्या मोबाईलवर फोन लावला, तेव्हा पडद्यावर लाल रंगात स्पॅम दिसले. त्या आठवड्यात मी उमेदवारांना जे काही मनातल्या मनात बोललो, ते सगळे परत घ्यावे लागले.

*सावध :* एका दिवसात नव्या नंबरवरून शेकडो जणांना तोच मजकूर चिकटवून पाठवू नका. लोकांनी तक्रार केली की व्हॉट्सॲप असा नंबर बंद करते आणि मग भरतीच्या ऐन मध्यावर आपणच संपर्काबाहेर जातो.

टप्पा ३ : यादी लावा आणि अर्ज शिळे होऊ देऊ नका

अर्ज आला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पोच द्या. पोच म्हणजे निवड नव्हे. "आपला अर्ज मिळाला, गुरुवारपर्यंत याच नंबरवरून कळवतो, कृपया हा नंबर सेव्ह करावा" एवढेच. या एका ओळीने पुढचे अर्धे काम सोपे होते.

काम शोधणारा माणूस एका रात्रीत दहा ठिकाणी अर्ज करतो. तीन आठवड्यांनी त्याला फोन केला, तर आपल्या कारखान्याचे नाव त्याच्या लक्षात नसते. दरम्यान तो दुसरीकडे लागलेला असतो, किंवा पोलीस भरतीच्या सरावाला मैदानावर जायला लागलेला असतो. म्हणून सगळे अर्ज येईपर्यंत थांबून एकदम फोन करण्याची पद्धत सोडा. रोज आलेले अर्ज रोज चाळा आणि पटलेल्यांना दोन कामाच्या दिवसांत संपर्क करा.

यादीत नाव, गाव, सध्या काम करतो का, सध्याची पाळी, सोयीची वेळ आणि केलेल्या प्रत्येक संपर्काची तारीख एवढे रकाने ठेवा. गावाचा रकाना गाळू नका, त्याचा उपयोग निमंत्रण देताना होतो.

*सावध :* उमेदवारांचा व्हॉट्सॲप ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. एकाच कारखान्यातला ऑपरेटर आणि त्याचा सुपरवायझर दोघांनीही आपल्याकडे अर्ज केलेला असू शकतो, आणि असे घडले की दोघेही एका क्षणात ग्रुप सोडतात. ब्रॉडकास्ट यादीवरही विसंबू नका, कारण ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्टचा संदेश मिळतच नाही. आपल्या फोनवर तो गेलेला दिसतो, म्हणून ही चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही.

टप्पा ४ : पहिला संदेश फोनच्या आधी

सगळ्या पद्धतीचा कणा हा टप्पा आहे. फोन करण्याच्या दोन-तीन तास आधी लेखी संदेश गेलाच पाहिजे. संदेशात पाच गोष्टी असाव्यात : मी कोण आणि कुठून, तुम्ही कधी व कोणत्या जागेसाठी अर्ज केला होता, पगार-पाळी-ठिकाण, फोन कधी करणार, आणि नको असेल तर काय करायचे. नमुना पुढीलप्रमाणे. त्यातले आकडे आपापल्या जागेप्रमाणे बदलावेत.

"नमस्कार प्रशांत. मी (आपले नाव), (कारखान्याचे नाव), शिरोली एमआयडीसी येथून लिहीत आहे. आपण १२ तारखेला आमच्याकडे व्हीएमसी ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज केला आहे. पगार हातात १८ ते २२ हजार रुपये, तीन पाळ्या, दर आठवड्याला बदल. कोणतेही शुल्क नाही. आज दुपारी ३.३० ते ४.३० या वेळेत याच नंबरवरून फोन करतो. ही वेळ गैरसोयीची असेल तर सोयीची वेळ कळवावी. जागा नको असल्यास फक्त 'नको' असे लिहिले तरी चालेल."

यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणे जड जाते. नाही म्हणायचे असलेला माणूस "बघतो", "कळवतो", "घरी विचारून सांगतो" असे म्हणतो आणि त्यानंतर फोन उचलायचे टाळतो, कारण उचलला तर पुन्हा नाही म्हणायची वेळ येणार. तो आपल्याला टाळत नसतो, त्या अवघडलेपणाला टाळत असतो. 'नको' हा एक शब्द लिहायची मुभा दिली की तो मोकळेपणाने नाही म्हणतो आणि आपले तीन फोन वाचतात. आलेल्या 'नको'ला "कळवल्याबद्दल धन्यवाद" एवढे उत्तर द्या. कारण विचारू नका. विचारले तर पुढच्या वेळी तो माणूस 'नको'ही लिहिणार नाही.

उमेदवार व्हॉट्सॲपवर नसेल, तर एसएमएस पाठवा, पण त्याचे गणित समजून घ्या. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, देवनागरीत फक्त ७०, आणि तिथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांतील प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. म्हणून वरचा संदेश जसाच्या तसा एसएमएसने पाठवला, तर त्याचे अनेक तुकडे मोजले जातात. एसएमएसमध्ये कारखान्याचे नाव, जागा आणि फोनची वेळ एवढेच ठेवा आणि बाकीचे बोलण्यासाठी राखा.

आणखी एक सूचना भाषेबद्दल. मराठी संदेश इंग्रजी लिपीत लिहून पाठवण्याची सवय कार्यालयांत आहे. मित्राला पाठवायला ते ठीक आहे, पण कारखान्याच्या नावाने आलेला तसा मजकूर फसवणुकीच्या संदेशासारखा दिसतो. देवनागरीत, पूर्ण वाक्यांत आणि शुद्धलेखन तपासून लिहा. संदेशात लिंक देऊ नका. पहिल्याच संदेशात लिंक आली की जाणता उमेदवार तो नंबर थेट ब्लॉक करतो.

*तपासा :* संदेश पाठवण्यापूर्वी स्वतःला विचारा की हाच मजकूर माझ्या मुलाला अनोळखी नंबरवरून आला असता, तर मी त्याला उत्तर दे म्हणालो असतो का?

टप्पा ५ : फोन कधी करावा

कार्यालयाची सोयीची वेळ सकाळी १० ते १२ असते आणि नेमकी तीच उमेदवाराची गैरसोयीची असते. पहिल्या पाळीत असलेला ऑपरेटर त्या वेळी मशीनवर असतो, अनेक कारखान्यांत त्याचा मोबाईल लॉकरमध्ये असतो, आणि रात्रपाळी करून आलेला गाढ झोपलेला असतो. करवीर, कागल, पन्हाळा, राधानगरीकडच्या खेड्यांतल्या उमेदवारांचे आणखी एक वेळापत्रक आहे, जे शहरात वाढलेल्या एचआरच्या लक्षात येत नाही : सकाळ-संध्याकाळ धारा काढून डेअरीला दूध घालण्याची वेळ. त्या वेळी हात शेणामातीत किंवा कासेला असतात, फोन खिशात वाजून वाजून बंद होतो.

माझ्या अनुभवात तीन वेळा चांगल्या ठरतात : दुपारी जेवणाच्या सुट्टीत, पहिली पाळी सुटल्यावर साडेतीन ते पाच, आणि ज्याने स्वतः सांगितले असेल त्याला रात्री साडेसात ते साडेआठ. रात्री नऊनंतर फोन करू नये. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड या भागांत काही वाड्यांवर रेंज येते-जाते, त्यामुळे "फोन बंद आहे" ही नोंद नकार समजून पुढे जाऊ नका. तिथे व्हॉट्सॲपचा संदेश रेंज आल्यावर पोहोचतो आणि उत्तर दुसऱ्या दिवशी येते.

टप्पा ६ : फोनवरची पहिली १५ सेकंदे

फोन उचलला गेला की अनेक जण "हॅलो, कोण बोलतंय?" असे विचारतात. फोन आपण केलेला आहे, तेव्हा हा प्रश्न विचारायचा हक्क समोरच्याचा आहे. सुरुवात अशी असावी : "नमस्कार, मी (नाव), शिरोलीच्या (कारखान्याचे नाव) मधून बोलतोय. प्रशांत बोलताय का? दुपारी तुम्हाला व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला होता. आता दोन मिनिटं बोलता येईल, की नंतर करू?"

शेवटचा प्रश्न विसरू नका. उमेदवार सध्याच्या कामावर असेल आणि शेजारी त्याचा सुपरवायझर उभा असेल, तर तो "राँग नंबर" म्हणून फोन ठेवेल आणि आपल्या यादीत त्याच्यापुढे फुली पडेल. त्याला "नंतर करा" म्हणायची संधी द्या आणि तो म्हणेल ती वेळ लिहून घ्या. मग त्याच वेळेला फोन करा. साडेसहा सांगून सव्वासातला केला, तर त्याने पाऊण तास वाट पाहून आपल्याबद्दल जे मत बनवलेले असते, ते नंतर पगाराने बदलत नाही.

उमेदवार एकोणीस वर्षांचा आणि नुकताच आयटीआय झालेला असला, तरी त्याला "तू" म्हणू नका. कोल्हापुरात ओळखीच्या माणसाला अरे-तुरे करण्यात आपुलकी असते हे खरे, पण ती ओळख झाल्यावर. कारखान्याच्या फोनवरून पहिल्याच वाक्यात "काय रे, येणार का नाही?" असे आले, की त्या कारखान्यात वागणूक कशी असेल याचा अंदाज त्याने बांधलेला असतो.

फोन वडिलांनी, भावाने किंवा नवऱ्याने उचलला, तर घाईने ठेवू नका आणि "उमेदवाराला द्या" असा हुकूमही सोडू नका. कारखान्याचे नाव, ठिकाण, जागा आणि पाळीची वेळ त्यांनाही नीट सांगा, कारण घरात निर्णय बहुतेक वेळा तेच घेणार असतात. मुलींच्या बाबतीत तर ने-आण करायला गाडी आहे का, काम किती वाजता सुटते आणि त्या विभागात आणखी किती महिला आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरे आपण न विचारता द्यावीत. क्वालिटी विभागासाठी अर्ज केलेल्या मुली संपर्काबाहेर जातात अशी तक्रार ऐकतो, तेव्हा या तीन गोष्टी फोनवर सांगितल्या होत्या का असे मी विचारतो. उत्तर बहुतेक वेळा नाही असेच येते.

फोनवर मुलाखत घेऊ नका. तीन-चार प्रश्न पुरेसे आहेत : सध्या कुठल्या मशीनवर काम करता, कंट्रोल (मशीन चालवणारी संगणक प्रणाली) कोणता आहे, सेटिंग स्वतः करता का, नोटीस किती दिवसांची आहे. सध्याच्या कारखान्यातल्या पगाराची स्लिप, सोडण्याचे कारण, घरची परिस्थिती हे विषय समोरासमोर बसल्यावर काढा.

*सावध :* "येतो की" हा होकार नाही. कोल्हापुरात तो निरोप घेण्याचाही एक प्रकार आहे. होकार म्हणजे दिवस, वेळ आणि कोणत्या वाहनाने येणार याचे उत्तर. ही तिन्ही मिळेपर्यंत यादीत होकाराची खूण करू नका.

टप्पा ७ : मुलाखतीचे निमंत्रण

फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत लेखी निमंत्रण पाठवा. त्यात वार आणि तारीख दोन्ही लिहा, वेळेपुढे सकाळ किंवा दुपार लिहा, नकाशावरचे ठिकाण जोडा, आणि गेटवर कोणाचे नाव सांगायचे ते कळवा. वसाहतीत प्लॉट नंबरावरून कारखाना शोधणे नव्या माणसाला अवघड जाते, तेव्हा ओळखीची खूण द्या. शिरोलीसाठी सांगली फाट्यापासून, गोकुळ शिरगावसाठी महामार्गावरच्या थांब्यापासून कसे यायचे ते दोन ओळींत लिहा.

आता गावाचा रकाना उघडा. गारगोटी किंवा राधानगरीकडून येणारा उमेदवार आधी कोल्हापुरात उतरतो आणि तिथून दुसरी गाडी पकडून वसाहतीत पोहोचतो. त्याला सकाळी ९ ची वेळ दिली, तर त्याला पहाटे घर सोडावे लागते. त्याला ११.३० ची वेळ द्या आणि ९ ची वेळ शहरातल्याला द्या. सध्या कामावर असलेल्याला पाळी सुटल्यानंतरची वेळ किंवा त्याच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस द्या. मुलाखतीसाठी एक दिवसाचा खाडा करायला लावणारा मालक म्हणजे उमेदवाराच्या दृष्टीने अजून न मिळालेल्या पगारातली कपात.

जुलै-ऑगस्टमध्ये मुलाखती ठेवताना पंचगंगेच्या पाण्याकडे लक्ष ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. एवढी वेळ आली नाही, तरी खेड्यांकडचे बंधारे पाण्याखाली जाऊन रस्ते तुटतात. अशा आठवड्यात न आलेल्याला गैरहजर धरू नका. आदल्या दिवशीच आपण होऊन नवी तारीख कळवा. जोतिबाची चैत्र यात्रा, गणेश विसर्जन आणि गावोगावच्या जत्रांचे दिवसही कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेवा.

टप्पा ८ : आठवण

मुलाखतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी एक संदेश द्या : "उद्या बुधवार, दुपारी ४ वाजता आपली भेट ठरली आहे. येत असाल तर 'हो' कळवा, वेळ बदलायची असेल तर सोयीची वेळ लिहा." यापेक्षा जास्त काही नको. सकाळी पुन्हा फोन, मग पुन्हा "निघालात का", असे केले की येणाराही वैतागतो. 'हो' न आलेल्यांना त्याच रात्री किंवा सकाळी लवकर एकच फोन करावा.

टप्पा ९ : उत्तर आलेच नाही तर

चार प्रयत्नांची मर्यादा घाला : पहिला संदेश, ठरल्या वेळी फोन, दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी फोन, आणि शेवटी निरोपाचा संदेश. एका तासात पाच वेळा फोन करणे हा चौथा प्रयत्न नव्हे, तो वसुलीचा प्रकार झाला. शेवटच्या संदेशाचा सूर तक्रारीचा नसावा :

"नमस्कार प्रशांत. दोन वेळा फोन केला होता, बोलणे झाले नाही. या जागेच्या मुलाखती शुक्रवारी संपत आहेत. इच्छा असेल तर उद्या संध्याकाळी ६ पर्यंत कळवावे. सध्या शक्य नसेल तरी हरकत नाही, पुढच्या वेळी जरूर अर्ज करावा."

या संदेशाला अनेकदा उत्तर येते, कारण त्यात मुदत आहे आणि परतीची वाटही आहे. मात्र शुक्रवार लिहिला असेल, तर मुलाखती खरोखर शुक्रवारी संपल्या पाहिजेत. खोटी मुदत एकदा चालते. नंतर चहाच्या गाड्यावर आणि आयटीआयच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर तिची चर्चा होते.

*तपासा :* उत्तर न देणाऱ्यांतल्या पाच जणांना वेगळ्या, ओळखीच्या माणसाकडून कारण विचारून घ्या. पाचपैकी तिघांनी एकच कारण सांगितले, तर दुरुस्ती उमेदवारांत नाही, आपल्या संदेशात करायची आहे.

टप्पा १० : निवडीपासून रुजू होईपर्यंत

निवड झालेला उमेदवार गप्प होतो, तेव्हा नुकसान सर्वांत जास्त होते, कारण बाकीच्यांना आपण तोवर नकार कळवलेला असतो. निवडीचे पत्र त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी द्या. पत्रात हातात येणारी रक्कम, पाळी, सुट्टी आणि रुजू होण्याची तारीख स्पष्ट असावी. मुलाखतीत तोंडी सांगितलेला आकडा आणि पत्रातला आकडा यांत पाचशे रुपयांचा फरक पडला, तरी फोन उचलणे बंद होते.

त्याची नोटीस ३० दिवसांची असेल, तर त्या काळात त्याचा जुना मालक पगार वाढवून देण्याची शक्यता असते. आपण महिनाभर गप्प राहिलो, तर मैदान त्यालाच मोकळे सोडल्यासारखे आहे. आठवड्याला एक साधा संपर्क ठेवा : पहिल्या आठवड्यात कागदपत्रांची यादी, दुसऱ्यात गणवेश आणि बुटांचे माप, तिसऱ्यात ज्या सुपरवायझरच्या हाताखाली काम करायचे आहे त्याचा दोन मिनिटांचा फोन, आणि शेवटच्या आठवड्यात पहिल्या दिवशी किती वाजता, कोणत्या गेटवर यायचे ते. तिसऱ्या आठवड्यातला फोन शक्यतो सुपरवायझरनेच करावा, एचआरने नव्हे. ज्याच्याशी रोज काम पडणार आहे तो माणूस आधी आवाजाने ओळखीचा झाला, की पहिल्या दिवशी येण्याचे दडपण कमी होते.

निवड न झालेल्यांनाही दोन दिवसांत कळवा. एका ओळीचे काम आहे आणि कार्यालये नेमके तेच टाळतात. ज्याला आपण उत्तर दिले नाही, त्याला सहा महिन्यांनी फोन केल्यावर तो आपला नंबर पाहून न उचलण्यात काहीच चूक करत नाही. यादीत त्यांच्यापुढे "पुन्हा विचारावे" असा शेरा लिहा आणि पुढच्या जागेसाठी जाहिरात देण्याआधी त्यांनाच पहिला संदेश पाठवा. ज्यांनी 'नको' लिहिले होते आणि पुन्हा संपर्क करू नका असे सांगितले होते, त्यांचे नंबर मात्र यादीतून काढून टाका. ही यादी दुसऱ्या कारखान्याला किंवा कंत्राटदाराला देऊ नका, अगदी शेजारच्या प्लॉटवरच्या मित्राने मागितली तरी.